परदेशी लेकरांच्या भेटीला : व्हिसाचा अर्ज कसा करावा

पूर्वी लेक दिली म्हणजे फार तर दोन तालुके ओलांडून. भेटीला जायचे मनात आले, की एस.टी.ची वेळ पाहायची, पिशवीत चार लाडू बांधायचे आणि निघायचे. आता तसे राहिलेले नाही. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा पुण्याला शिकतो, तिथून बंगळूर गाठतो आणि एके दिवशी अमेरिकेतल्या टेक्सासमधून किंवा न्यू जर्सीतून फोन करतो, "आई, आबा, आता तुम्ही इकडे या." सूनबाईला दिवस गेलेले असतात. आईचे मन तर फोन खाली ठेवण्याआधीच तिकडे पोचलेले असते. पण मध्ये एक दार आहे, आणि त्या दाराला व्हिसा नावाचे कुलूप आहे.

मंडळी, या कुलपाची किल्ली काही कुणा एजंटाच्या खिशात नसते. ती कशी फिरते, हे आज समजावून घेऊ. देशादेशांच्या रीती निराळ्या असल्या, तरी आपल्याकडून सगळ्यात जास्त विचारणा होते ती अमेरिकेची, म्हणून तिकडचेच उदाहरण धरून चालू. आणि गुरुजी, तुम्हीही जवळ बसा. गावात असला फॉर्म आला की शेवटी तो तुमच्याच पुढ्यात येतो.

आधी दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्या. पासपोर्ट, ज्याला आपण पारपत्र म्हणतो, ते आपल्या सरकारने दिलेले ओळखपत्र आहे. हा माणूस आमचा, एवढेच ते सांगते. व्हिसा हे ज्यांच्या घरी जायचे त्यांचे बोलावणे आहे, आणि तेही फक्त उंबऱ्यापर्यंतचे. उंबऱ्यावर, म्हणजे तिकडच्या विमानतळावर, आणखी एक अधिकारी असतो. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवस राहू द्यायचे, हे तो ठरवतो. या तिसऱ्या गोष्टीबद्दल पुढे सांगेन, कारण आपली बरीच मंडळी ठेच खातात ती तिथेच.

हे सारे पहिल्यापासून असे नव्हते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा व्हिसाचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, त्यांना फिलाडेल्फियाच्या कॉलेजात डॉक्टरकीची पदवी मिळाली. तो सोहळा पाहायला त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. मराठी माणसाने आप्ताच्या भेटीसाठी केलेल्या अमेरिकावारीचे हे फार जुने उदाहरण म्हणायला हरकत नाही. पण पुढचे ऐका. रमाबाई गेल्या होत्या एका समारंभाला, आणि राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. फार मोठे काम झाले. तरीही आज खिडकीमागे बसलेल्या साहेबाच्या मनात नेमकी हीच शंका असते, की समारंभाला म्हणून येतात आणि राहून जातात.

आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० साली आला. आज चालतो तो १९६७ चा. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने आधी आपल्या परदेशातल्या वकिलातीतून व्हिसा घ्या आणि मगच या, ही रीत पक्की केली. आणि १९५२ च्या कायद्यात एक कलम घातले, २१४ (बी). हे कलम समजले की निम्मे काम झाले.

कोर्टात काय असते? आरोपीवरचा गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकारची. तोवर तो निर्दोष. इथे अगदी उलटे आहे. भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच चालला आहे, असे हा कायदा धरून चालतो. तसे नाही, हे तुम्ही पटवून द्यायचे. साहेब उद्धट आहे म्हणून तो शंका घेत नाही. शंका घेणे हे त्याला कायद्याने लावून दिलेले काम आहे. हे एकदा डोक्यात बसले, की अपमान वाटत नाही आणि उत्तर नीट देता येते.

मग पटवायचे कसे? तुमची मुळे इथे किती खोल आहेत, ते सांगून. शेत, घर, दुभती जनावरे, इथे राहणारा दुसरा मुलगा, त्याची शाळेत जाणारी पोरे, दर महिन्याला बँकेत जमा होणारी पेन्शन. आपल्या खेड्यातल्या माणसापाशी ही मुळे पुष्कळ असतात. ती सांगायची असतात, एवढेच त्याला ठाऊक नसते.

आता कामाला लागू. पहिली पायरी पासपोर्टची. पूर्वी त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर गाठावे लागे. २०१७ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत टपाल कचेरीतच पासपोर्ट सेवा केंद्रे उघडू लागली, त्यामुळे हेलपाटा कमी झाला आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टाची फी १,५०० रुपये, मुदत दहा वर्षे. पोलीस चौकशी होते. त्या काळात घरी राहा. पासपोर्टावर 'ईसीआर' असा शिक्का दिसला की काही जण घाबरतात. तो शिक्का ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसांच्या रक्षणासाठी आहे. मुलाला भेटायला अमेरिकेला जाणाऱ्याशी त्याचा संबंध नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागतही नाही.

खरी अडचण असते ती नावाची आणि जन्मतारखेची. बाईंचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. आधारकार्डावर 'बाई' लागलेले, रेशनकार्डावर नाही. मुलाच्या दाखल्यात आईचे नाव तिसरेच. आणि जन्मतारीख? तिचे तर विचारूच नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानाला पोचतो का पाहिले आणि लिहून टाकले, एक जून. त्या पिढीतले निम्मे गाव एक जूनला जन्मलेले! यात लपवण्यासारखे काही नाही. पण नियम एकच ठेवा : पासपोर्टावर जे नाव आणि जी तारीख आहे, तीच सगळीकडे. फॉर्ममध्ये तीच, तिकिटावर तीच, मुलगा तिकडे जे कागद भरेल त्यातही तीच. आईने सांगितलेली 'पटकीच्या साथीच्या वर्षातली, आषाढातली' तारीख खरी असेलही, पण ती फॉर्मात आली की दोन माणसे तयार होतात.

पासपोर्टची मुदत सरत आली असेल, तर आधी नवा करून घ्या आणि मग पुढे चला.

दुसरी पायरी फॉर्मची. त्याला डी.एस.-१६० म्हणतात, आणि तो इंटरनेटवर इंग्रजीतच भरायचा असतो. भेटीला जाणाऱ्याच्या व्हिसाचा वर्ग बी-१/बी-२. गुरुजी, इथे तुमची गरज. हा फॉर्म अमेरिकी सरकारच्या ज्या जागेवर आहे, तिचा पत्ता 'डॉट गव्ह' असा संपतो. निव्वळ फॉर्म भरण्याचे पैसे तिथे कुणी मागत नाही. मागत असेल, तर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानात शिरला आहात असे समजा. फॉर्म उघडताच एक क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. थोडा वेळ हात थांबला तर पान बंद होते आणि भरलेले जाते, म्हणून प्रत्येक पान भरले की जतन करत चला. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

फॉर्म लांब आहे. आईवडिलांची नावे, गेल्या काही वर्षांतला कामधंदा, पूर्वीचा परदेशप्रवास, अमेरिकेत कोण नातलग आहे आणि तो तिथे कोणत्या हक्काने राहतो, हे सगळे विचारतात. २०१९ पासून फेसबुकसारख्या खात्यांची नावेही द्यावी लागतात. शेती करणाऱ्याने धंद्याच्या जागी शेती लिहावे, घर सांभाळणाऱ्या बाईंनी गृहिणी लिहावे. मोठे दिसावे म्हणून 'उद्योजक' लिहायची हौस एजंटांना फार असते. मग साहेब विचारतो, "कसला उद्योग?" आणि आजोबा म्हणतात, "अडीच एकर ऊस." खरे तर ऊस हेच चांगले उत्तर होते.

दोन प्रश्नांवर मात्र बोट ठेवून थांबा. यापूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का, हा पहिला. नाकारला असेल तर हो लिहायचे. त्यांच्या दप्तरात ती नोंद असतेच. तुमच्यासाठी कुणी तिकडे कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला आहे का, हा दुसरा. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर आईवडिलांसाठी असा अर्ज करण्याचा हक्क त्याला असतो; कधी तो अर्ज करून ठेवतो आणि घरी सांगायचे राहून जाते. म्हणून फॉर्म भरण्यापूर्वी मुलाला फोन करून स्पष्ट विचारा. फॉर्ममधली चूक ही चूक असते, पण जाणूनबुजून लिहिलेले खोटे सापडले, तर अमेरिकेची दारे जन्मभर बंद होऊ शकतात. एजंट त्याची फी घेऊन मोकळा होतो. कलम लागते ते आजीला.

फॉर्मच्या शेवटी विचारतात, की हा भरायला कुणी मदत केली का? गुरुजी, तिथे संकोच न करता तुमचे नाव लिहा. मदत करणे गुन्हा नाही. शेवटचे सहीचे बटण मात्र, सारे वाचून दाखवून झाल्यावर, अर्जदाराने स्वतः दाबायचे.

फोटो दोन इंच चौरस, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून.

आता पैशाचे. जून २०२३ पासून भेटीच्या व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर आहे. नवराबायकोचे ३७० झाले. व्हिसा मिळो न मिळो, हे पैसे परत येत नाहीत. शिवाय जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने व्हिसा देताना आणखी २५० डॉलर घेण्याचा कायदा केला आहे, तेव्हा पैशाची जुळवाजुळव करताना तोही आकडा हिशेबात धरलेला बरा. एवढी रक्कम म्हणजे कुणाकुणाच्या घरी एका हंगामाचे खत-बियाणे. म्हणूनच सांगतो, घाईने अर्ज करू नका, आणि व्हिसा हातात पडल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका.

फी भरली की दोन तारखा मिळतात. एक ठसे आणि फोटोची, दुसरी मुलाखतीची. मुंबईची अमेरिकी वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला होती, नोव्हेंबर २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तारीख मुंबईत लवकर मिळत नसेल, तर दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता इथलीही घेता येते. पण मराठीत बोलायचे असेल तर मुंबईच बरी.

तारीख मिळायला कधी काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. इथे बाळंतपणासाठी जाणाऱ्यांनी कान देऊन ऐकावे. तातडीच्या कारणासाठी लवकरची तारीख मागता येते, पण लग्न, पदवीदान आणि गरोदर नातलगाची मदत ही कारणे ते तातडीची धरत नाहीत. बाळंतपण काही अचानक येत नाही, नऊ महिने आधी कळते, असा त्यांचा हिशेब. तेव्हा सातव्या महिन्यात ओटी भरून झाल्यावर अर्जाचे पाहू, असे म्हणाल, तर नातवंडाचे बारसे फोनवरच पाहावे लागेल. तिसरा महिना लागला की कामाला लागा. त्याहून शहाणपणाचे म्हणजे काही निमित्त नसतानाच व्हिसा काढून ठेवावा. आपल्या लोकांना हा व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो.

ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांना पूर्वी मुलाखतीची सूट होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती काढून टाकली आहे. ज्यांचा जुना व्हिसा संपून वर्ष झालेले नाही, अशांना नव्याने काढताना काही अटींवर सूट मिळते. बाकी सर्वांना समक्ष जावे लागते.

ठशांच्या दिवशी दहाही बोटांचे ठसे घेतात. कष्टाच्या हातांची रेषा झिजलेली असते, हे आपल्याला रेशनच्या यंत्राने शिकवले आहेच. आदल्या आठवड्यात ऊसतोड, चुना, सिमेंट यांपासून हात जपा, रात्री थोडे तेल चोळा. बोटाला ताजी जखम असेल तर ती भरू द्या आणि तारीख पुढची घ्या.

मुलाखतीला मोबाईल आणि मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. बरोबरच्या माणसाने बाहेर थांबायचे. आत रांग, मग एक काचेची खिडकी. उभ्या उभ्या बोलणे होते, आणि बहुधा दोन-चार मिनिटांत संपते. इंग्रजी येत नसेल तर सरळ मराठीत बोला. मुंबईत तशी सोय आहे. चार तोडकीमोडकी इंग्रजी वाक्ये पाठ करून गेलेला माणस पाचव्या वाक्याला अडखळतो आणि खोटे बोलल्यासारखा दिसतो.

काय विचारतात? कुणाकडे चाललात, मुलगा तिथे काय करतो, कोणत्या गावी राहतो, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, इकडे तुम्ही काय करता, बाकीची मुले कुठे आहेत. साधे प्रश्न आहेत. पण आपल्या आयांना पुष्कळदा मुलाच्या कंपनीचे नाव सांगता येत नाही. "कंप्युटरमध्ये आहे," एवढेच येते. मुलाचे गाव, राज्य, कंपनी, तो एच-वन-बी नावाच्या नोकरीच्या व्हिसावर आहे की ग्रीन कार्डवर की नागरिक झाला, हे फोनवर विचारून ओट्यावर बसून दोनदा म्हणून पाहावे. गुरुजी, इतकीच तयारी करून घ्या. उत्तरे पाठ करून घेऊ नका. तुमचे विद्यार्थी पाठ केलेला निबंध सांगू लागले की तुम्ही ओळखता ना? तसेच साहेबही ओळखतो.

एक उत्तर मात्र जपून द्यावे लागते. "तिकडे काय करणार?" असे विचारले की आपली बाई सहज म्हणते, "काय करणार? पोरगी कामावर जाते, तिचे पोर सांभाळायचे काम करणार." आपल्या तोंडी 'काम' हा शब्द मायेचा आहे. साहेबाच्या कानी तोच नोकरीचा पडतो, आणि या व्हिसावर नोकरीला बंदी आहे. लेकीचे बाळंतपण आहे, चार महिने तिच्याजवळ राहून परत येणार, असे असेल तर तसेच सांगावे. आजीने नातवाला मांडीवर घेणे कुणी नोकरी धरत नाही. पण दरसाल सहा महिने जाऊन पोर सांभाळायचे, म्हणजे तिकडचा पाळणाघराचा खर्च वाचेल, असा घरचा बेत असेल, तर साहेबाला शंका येणार आणि ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. मुलांनीही याचा विचार करावा.

किती दिवस राहणार, याचे उत्तर कारणासकट द्या. "जास्तीत जास्त किती मिळतील तेवढे," हे सर्वांत वाईट उत्तर. "मृगाच्या पेरणीच्या आत घरी आलेच पाहिजे, धाकट्याला एकट्याला जमत नाही," हे खरे असेल, तर साऱ्या फायलीहून ते भारी आहे.

कागदांचे म्हणाल, तर साहेब ते पाहीलच असे नाही. पुष्कळदा एकही कागद न पाहता निकाल देतात. तरी जवळ असावेत. शेतकऱ्यापाशी आयकराचे कागद नसतात, कारण शेतीच्या उत्पन्नावर तो करच नाही. त्याचा बाऊ करू नका. सातबारा, आठ-अ, साखर कारखान्याची ऊसबिले, डेअरीची दुधाची बिले, अडत्याची पट्टी, बँकेचे पासबुक, निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद. सातबारा मराठीत आहे म्हणून वर इंग्रजीत दोन ओळी लिहून ठेवा : इतके क्षेत्र, अमुक पीक. अर्जाच्या तोंडावर कुणाकडून उसने दोन लाख आणून खात्यात टाकण्याचा उद्योग करू नये; पासबुकावर तारखा असतात. मुलाचे निमंत्रणपत्र त्यांच्या नियमाने लागत नाही. मुलाच्या पगाराचा कागद खर्चापुरता उपयोगी पडतो, पण तो कितीही श्रीमंत असला तरी तुम्ही परत याल हे त्याने सिद्ध होत नाही. उलटही होऊ शकते!

मंजूर झाला तर पासपोर्ट ठेवून घेतात आणि व्हिसा चिकटवून काही दिवसांनी परत देतात. आला की नाव, तारीख, पासपोर्टचा क्रमांक ताडून पाहा. नाकारला तर २१४ (बी) असे लिहिलेला कागद देतात. त्यावर अपील नाही. पण तो जन्माचा ठपकाही नव्हे. पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. फक्त आधी स्वतःला विचारा, की मागच्या वेळेहून आता काय बदलले? काहीच बदलले नसेल तर लगेच अर्ज करणे म्हणजे त्याच बंद खिडकीवर १८५ डॉलर ठेवून येणे.

बाकीच्या देशांचे थोडक्यात. इंग्लंडचा निकाल बहुतेक कागदांवरच लागतो, म्हणून तिथे पासबुक-सातबाऱ्याचे वजन जास्त. एका भेटीत साधारण सहा महिने राहता येते. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे शेंगेन देशांचा व्हिसा एकच. १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि किमान ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा सक्तीचा असतो. कॅनडात मूल नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर आईवडिलांसाठी 'सुपर व्हिसा' आहे. त्यावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. अमेरिकेत विम्याची सक्ती नाही, पण सक्ती नसली तरी काढाच. तिकडे दवाखान्यात एक रात्र काढावी लागली, तरी मुलाची वर्षाची शिल्लक जाऊ शकते. रक्तदाब, मधुमेह यांसारखी जुनी दुखणी बऱ्याच विम्यांत बसत नाहीत, ते आधी वाचून घ्या. औषधे पुरेशी न्या आणि डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवा.

पिशवीत काय न्यावे, हा बायकांचा प्रश्न. चटण्या, पापड, कोरडे लाडू यांना सहसा अडचण येत नाही. ताजी फळे, भाज्या, बियाणे, रोपे आणि मांस नेऊ नका. कोकणचा हापूस अमेरिकेत विकला जातो हे खरे, पण तो २००७ पासून लासलगावासारख्या ठिकाणी किरणोत्सर्गाची प्रक्रिया होऊन रीतसर जातो. तुमच्या पिशवीतला आंबा तसा नसतो, तो विमानतळावरच काढून घेतील. खाण्याचे जे काही असेल ते विचारल्यावर सांगून टाका. सांगितलेली वस्तू फार तर ठेवून घेतात. लपवलेल्या वस्तूला दंड असतो. चालायला त्रास असेल किंवा एकट्याने विमान बदलायची धास्ती वाटत असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी. ढकलणारा माणूस तुम्हाला एका दारातून दुसऱ्या दारात नेऊन पोचवतो, भाषा येवो न येवो.

आता ती तिसरी गोष्ट, उंबऱ्यावरची. व्हिसावर दहा वर्षांपुढची तारीख छापलेली असते. पुष्कळांना वाटते, की तोवर राहायला परवानगी आहे. तसे मुळीच नाही. ती तारीख फक्त दाराशी येण्याची मुदत आहे. राहण्याची मुदत विमानतळावरचा अधिकारी देतो, बहुधा सहा महिने, आणि ती आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ही नोंद इंटरनेटवर पाहता येते. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाकडून ती काढून घ्या आणि त्यातली शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहा. त्या तारखेच्या आत विमानात बसायचे. एक दिवस जरी जास्त राहिलात, तर दहा वर्षांचा तो व्हिसा रद्द होतो आणि पुढच्या नातवाच्या वेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. आजारपण आले, दवाखान्यात राहावे लागले, तर मुदत सरण्यापूर्वी वाढवून मागण्याचा वेगळा अर्ज असतो, आय-५३९ नावाचा. तो मुलाने तिथूनच, मुदत संपायच्या आधी करायचा.